काठावर बसण्याचा इतिहास

गळाने मासा कसा धरावा, हे संस्कृतात बारकाईने लिहून ठेवणारा माणूस भोई नव्हता, कोळीही नव्हता. तो राजा होता.

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला सोमेश्वर तिसरा इ.स. ११२६ ते ११३८ या काळात गादीवर होता. सहाव्या विक्रमादित्याचा हा मुलगा. लढायांपेक्षा त्याचे नाव राहिले ते ‘मानसोल्लास’ या ग्रंथामुळे. ११२९च्या सुमारास सिद्ध झालेल्या या ग्रंथाचे पाच भाग आहेत. प्रत्येकात वीस अध्याय, म्हणून त्या भागाला ‘विंशती’ म्हणतात. राज्य मिळवावे कसे, टिकवावे कसे, वैभवाचा उपभोग घ्यावा कसा, इथपासून राजाने आपले मन रमवावे कसे, इथपर्यंतचा सगळा विषय शंभर अध्यायांत आला आहे. चौथ्या विंशतीत ‘विनोद’ आहेत. आज मराठीत विनोद म्हटले की हसू आठवते. सोमेश्वराच्या लेखी विनोद म्हणजे विरंगुळा. हत्तींचा, घोड्यांचा, मल्लांचा, कोंबड्यांच्या झुंजींचा, ससाण्याच्या शिकारीचा, गाण्याचा, कथेचा असे वीस विनोद त्याने सांगितले आहेत. त्यांतलाच एक मत्स्यविनोद.

मत्स्यविनोदात माशांचे सुमारे ३५ प्रकार येतात. खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, समुद्रातले आणि नदीतले, मोठे, मधले आणि लहान अशी त्यांची वर्गवारी केली आहे. कोणत्या माशाला काय चारावे, काठी कशी असावी, दोरी कशाची वळावी, पाण्यावरचे तरंगते निशाण बुडाले म्हणजे झटका केव्हा द्यावा, मोठा मासा ओढू लागला तर दोरी कशी सैल सोडावी आणि तो दमला की कशी आवरून घ्यावी, हा सारा क्रम त्यात आहे. ज्याने कधी तळ्याकाठी गळ टाकला असेल, त्याला हे वाचताना नवशिक्याची नाही तर मुरलेल्या माणसाची संगत मिळते. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये श्रीगोंदेकरांनी या ग्रंथाचे संपादन केले. पहिला खंड १९२५ मध्ये निघाला, दुसरा १९३९ मध्ये. पुढे १९५१ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या एका प्रकरणावर स्वतंत्र लेख लिहिला आणि प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांचे लक्ष तिकडे वेधले.

मराठी वाचकाला हा ग्रंथ वेगळ्याच कारणाने माहीत असतो. त्याच्या गीतविनोदात मराठीतल्या काही ओळी आल्या आहेत, आणि आपल्या भाषेच्या अगदी जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. त्या ओळींतला देव मत्स्यरूप घेऊन वेद वर आणणारा नारायण आहे. म्हणजे एकाच ग्रंथात माशाला गळाला लावण्याची रीत आहे आणि मासा होऊन आलेल्या देवाची स्तुतीही आहे. रीत संस्कृतात आहे, स्तुती लोकांच्या बोलीत आहे.

सोमेश्वराला या ३५ माशांची नावे कोणी सांगितली असतील? राजा काठावर बसला होता. माशांची खाणीपिणी, त्यांचे डोह, त्यांच्या वेळा ज्यांना माहीत होत्या, ते लोक पाण्यात उभे होते. ग्रंथात ज्ञान आले, पण ज्ञान सांगणारे आले नाहीत. या लेखात मला जो धागा धरायचा आहे, तो इथून सुरू होतो. पाण्याकाठी निवांत बसायचा हक्क आपल्याकडे कोणाला होता, कोणाला नव्हता आणि तो कसकसा बदलत गेला?

बर्फातले भोक

मी देऊळगाव राजाचा. सिंदखेडच्या जाधवराव घराण्याने नावारूपाला आणलेले हे गाव बालाजीच्या यात्रेसाठी विदर्भात आणि मराठवाड्यात ओळखले जाते. पाऊस बेताचा. बुलढाणा जिल्ह्याचे जगभर गाजलेले पाणी म्हणजे लोणारचे सरोवर, आणि ते इतके खारे की त्यात मासा जगत नाही. अशा मुलखातल्या माणसाने मासेमारीच्या विरंगुळ्याचा इतिहास शोधू लागावे, याला निमित्त झाला माझा भाचा.

तो अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात असतो. गेल्या हिवाळ्यात त्याने फोनवर काही फोटो पाठवले. गोठलेले तळे, बर्फाला गिरमिटाने पाडलेले वीतभर भोक, भोकाशेजारी उलट्या घातलेल्या बादल्यांवर बसलेले दोघे मित्र आणि प्रत्येकाच्या हातात हातभर लांबीची काठी. सकाळभरात दोन मासे लागले, तेही त्यांनी परत सोडले म्हणे. “मग एवढ्या थंडीत गेलात कशाला?” मी विचारले. “बसायला, मामा,” तो म्हणाला.

उत्तर मला आवडले आणि खुपलेही. निसर्गाची करामत यात आहेच. पाणी सर्वांत जड असते ते ४ अंश सेल्सिअसला. त्याहून गार झाले की ते हलके होऊन वर येते आणि वरच गोठते. म्हणून तळ्यावर बर्फाचे छप्पर पडते आणि खाली मासे हिंडत राहतात. थंड मुलखातल्या लोकांनी हे फार पूर्वी ओळखले. स्वीडनच्या ओलाउस मॅग्नुसने १५५५ मध्ये रोममध्ये छापलेल्या उत्तरेकडील लोकांवरच्या ग्रंथात बर्फाखाली जाळी ओढून मासे धरणाऱ्यांचे वर्णन आणि चित्रे आहेत. ती माणसे विरंगुळ्याला आलेली नाहीत. हिवाळ्यात घरात खायला काही हवे म्हणून ती बर्फ फोडत आहेत.

मिनेसोटातही तीच कथा. तिथले मूळचे ओजिब्वे लोक बर्फाला भोक पाडत, अंधारासाठी वर आडोसा करत, लाकडात कोरलेला खोटा मासा पाण्यात नाचवत आणि जवळ येणाऱ्या माशाला भाल्याने टिपत. १८३७ मध्ये त्यांनी अमेरिकी सरकारशी तह करून मोठा मुलूख दिला, पण त्या मुलखात शिकार आणि मासेमारी करायचा हक्क राखून ठेवला. पुढे तळ्यांवर हौशी मासेमारांची गर्दी झाली, राज्याने नियम केले, आणि हा राखलेला हक्क नुसता कागदावर उरला. मिल लॅक्स या तळ्याकाठच्या ओजिब्वे समूहाने तो न्यायालयात मागितला. १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो मान्य केला. भाच्याची बादली ज्या प्रकारच्या बर्फावर ठेवलेली होती, त्या बर्फाखाली दीडशेहून अधिक वर्षांचे भांडण होते.

मग मनात आले, आपल्याकडच्या पाण्याखाली काय आहे?

साहेबाची काठी, भोयाचे जाळे

सोमेश्वरानंतर सातशे वर्षांनी दख्खनच्या माशांवर पुन्हा बारकाईने लिहिले गेले ते इंग्रजी अमदानीत. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई लष्करातला अधिकारी. दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर त्याची नेमणूक होती. भीमा आणि तिच्या उपनद्यांतले मासे त्याने जमवले, त्यांची चित्रे काढून घेतली आणि ‘दख्खनचे मासे’ या विषयावरचे आपले लेखन लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे ठेवले. ते १८३९ मध्ये थोडक्यात आणि १८४१ मध्ये सविस्तर छापले गेले.

साइक्सचे मराठी माणसाने आभार मानावेत असे एक काम त्याने केले. नव्या माशाला शास्त्रीय नाव देताना त्याने अनेकदा काठावर ऐकलेले मराठी नावच लॅटिनच्या साच्यात बसवले. शिंगाळ्याचे ‘सिंघाला’ झाले, कोळसाचे ‘कोलस’, मळ्याचे ‘मुल्या’. दख्खनच्या महसीर माशाला त्याने ‘खुदरी’ म्हटले. जगात कुठेही, जपानमध्ये असो की ब्राझीलमध्ये, या माशांवर लिहिणाऱ्या अभ्यासकाला आजही हीच नावे लिहावी लागतात. वंशाचे नाव बदलले, त्यापुढचे मराठी नाव टिकले. आज स्पेराटा सिंघाला, गारा मुल्या, टॉर खुदरी अशी ती लिहितात.

त्याच लेखात काही माशांना माणसांची नावेही दिलेली आहेत. एक मासा यॅरेलच्या नावाचा, एक विगोर्सच्या नावाचा. हे दोघे लंडनच्या विद्वान वर्तुळातले, साइक्सच्या ओळखीचे. त्यांच्या सन्मानाला हरकत नाही. पण ज्याच्या जाळ्यातून तो मासा साइक्सच्या टेबलावर आला, त्या माणसाच्या नावाचा एकही मासा नाही. राजाच्या ग्रंथात जे झाले तेच साहेबाच्या ग्रंथात झाले. माशाचे नाव आले, सांगणारा राहून गेला.

यानंतर काठावर हौशी साहेबांची रांग लागली. मद्रास इलाख्यातल्या हेन्री सुलिव्हन थॉमस या मुलकी अधिकाऱ्याने १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक काढले, आणि १८८७ मध्ये तळ्यांतल्या गळमासेमारीवर आणखी एक. महसीरला गळाला लावून तासभर त्याच्याशी झुंजण्यात या मंडळींना मोठा आनंद. इंग्लंडमध्ये या छंदाला आयझॅक वॉल्टनच्या १६५३ सालच्या पुस्तकापासून प्रतिष्ठा होती. इकडे कचेरीच्या कामातून सुटी मिळालेला अधिकारी तीच प्रतिष्ठा कोल्ह्या-लांडग्यांच्या रानात, नदीकाठी तंबू ठोकून जपत होता. पवईचा तलाव १८९१ मध्ये मुंबईच्या पाण्यासाठी बांधला गेला. पुढे तिथे गळाची हौस असलेल्यांची संघटनाच उभी राहिली. आज तीत मराठी माणसेही आहेत.

थॉमसचे पुस्तक निघाले त्याच १८७३ साली फ्रान्सिस डे या मत्स्यविषयक अधिकाऱ्याचा हिंदुस्थान आणि ब्रह्मदेश यांतल्या गोड्या पाण्यातील माशांवरचा अहवाल प्रसिद्ध झाला. मासे घटत चालले आहेत, हे त्याने ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांकडून माहिती मागवून मांडले. बारीक आसांची जाळी आणि ओढ्यांत कायमचे लावलेले सापळे यांवर त्याचा मोठा रोख होता. शेवटी १८९७ चा भारतीय मत्स्यपालन कायदा झाला. सुरुंगाची दारू आणि विष घालून मासे मारण्यावर त्याने बंदी घातली. ही बंदी योग्यच होती. त्याच कायद्याने ठरावीक पाण्यात जाळ्यांवर, सापळ्यांवर आणि मासेमारीच्या हंगामावर नियम करायचे अधिकारही प्रांतिक सरकारांना मिळाले. नियम कोणासाठी होते, हे उघड होते. काठीने एक मासा धरणारा नियमात बसत होता. बारीक जाळ्याने पोटापुरते धरणारा नियमाच्या कडेवर उभा होता.

आमचा बुलढाणा जिल्हा तेव्हा वऱ्हाडात होता. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. या प्रांतातल्या जातिजमातींवर आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये चार खंड प्रसिद्ध केले. त्यांत धीमर, कहार आणि भोई यांची नोंद एकत्र येते. मासे धरणे, पालख्या वाहणे, तळ्यात शिंगाडे लावणे आणि वरच्या जातींच्या घरी पाणी भरणे, ही त्यांची कामे म्हणून सांगितली आहेत. म्हणजे पाण्याशी जितकी म्हणून कामे निघतात, ती सारी यांच्याकडे. काठावर नुसते बसायचे काम मात्र त्या यादीत नाही.

चोखोबांचे पाणी

भोई निदान पाण्यात उतरू शकत होता. ज्यांना काठाशीही येऊ दिले जात नसे, त्यांची गोष्ट आमच्या तालुक्यात फार जुनी आहे. देऊळगाव राजापासून जवळच मेहुणा राजा हे गाव आहे. संत चोखामेळा यांचे हे जन्मगाव, अशी परंपरा आहे. चोखोबा, त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका आणि मुलगा कर्ममेळा या सगळ्यांनी अभंग रचले. एका घरातून इतका शब्द उमटल्याचे उदाहरण मराठीत विरळाच. त्याच घरातल्या माणसांना गावच्या पाणवठ्याला हात लावायची मनाई होती. चोखोबांचा मृत्यू १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर राबत असताना भिंत कोसळून झाला, असे परंपरा सांगते. पंढरपूरला नामदेव पायरीसमोर त्यांची समाधी आहे. देवळाच्या आत नव्हे, दारासमोर.

या अंतराला कायद्याची पहिली मोठी धडक विसाव्या शतकात बसली. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला. त्यानुसार महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचे ठरवले, पण ठराव दप्तरातच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारोंसह तळ्यावर जाऊन पाण्याची ओंजळ घेतली. विरोधक न्यायालयात गेले, आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. एका ओंजळीला दहा वर्षे.

महाडच्याच तालुक्यात वाळण कोंड म्हणून नदीचा डोह आहे. तिथल्या माशांना देवीचे मासे मानतात. त्यांना कोणी धरत नाही, उलट लोक चुरमुरे टाकतात आणि मोठाले महसीर काठापर्यंत येऊन ते खातात. देहूला इंद्रायणीत, तिळसे येथे वैतरणेत असेच डोह राखले गेले. साइक्सचा खुदरी शतकानुशतके टिकला तो या डोहांमध्येही. आमच्या धर्मभावनेने माशाला अभय दिले, त्याला हाताने भरवले. त्याच काळात माणसाच्या हाताला पाणी नाकारले. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्याशिवाय आपल्या पाण्याचा इतिहास पुरा होत नाही.

खडकपूर्णेवरची एक सकाळ

अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी पूर्णा जालन्याकडून आमच्या जिल्ह्यात येते तेव्हा तिला खडकपूर्णा म्हणतात. पुढे येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे भरून ती गोदावरीला मिळते. आमच्या तालुक्यात देऊळगाव महीजवळ तिच्यावर धरण झाले आणि कोरड्या मुलखात समुद्रासारखे पाणी दिसू लागले. या जलाशयाला नाव दिले आहे संत चोखामेळा सागर.

गेल्या पौषात माझा एक शाळासोबती मला तिथे घेऊन गेला. तो भोयाच्या घरातला. तीस वर्षे एसटीची गाडी चालवून निवृत्त झालेला. जलाशयातल्या मासेमारीचा ठेका मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे असतो. तो संस्थेचा सभासद, म्हणून गळ टाकायला आडकाठी नव्हती. पाण्यावर धुके होते. आम्ही दोघे दगडांवर घोंगडी टाकून बसलो. बांबूच्या दोन काठ्या, तंगूस, बुचाचे तुकडे आणि एका डबीत कणकेच्या गोळ्या. दुसऱ्या डब्यात भाकरी आणि ठेचा. बूच हलले की बोलणे थांबायचे, स्थिर झाले की पुन्हा सुरू व्हायचे.

मी त्याला सोमेश्वराचा क्रम वाचून दाखवला. तो ऐकत राहिला. “बरोबर लिहिलंय बाप्पा राजानं,” तो म्हणाला. “पण मास्तर, आमच्या घरात मासा धरायचं काम होतं, बसायचं नव्हतं. माह्या बापानं नदीत उभं राहून जन्म काढला. त्यानं मला असं बसलेलं पाहिलं असतं, तर म्हणला असता, पोरगं कामातून गेलं.”

वडिलांबरोबर लहानपणी तो डोहांवर जात असे. नदीला धरण नव्हते, पावसाळा सरला की पाणी डोहाडोहांत तुटायचे. कोणत्या डोहात मरळ, कोणत्या खडकाखाली वाम, कोणत्या वाळूत मुरे, हे बापाला पाठ होते. वळवाचा पाऊस झाला की मासा पाण्यावर चढतो. तेव्हा अंडी असलेली मादी जाळ्यात आली तर ते सोडून देत. हा नियम कोणत्याही अहवालात नव्हता. “मंग पुढच्या साली काय खायचं?” एवढेच त्याचे कारण होते.

नऊच्या सुमारास धुके उठले. पलीकडच्या काठाने संस्थेच्या होड्या जाळी काढत होत्या. आमच्या गळाला दोन चिलापी लागले. भाच्याची गोष्ट सांगून मी म्हटले, परत सोडू या का? तो हसला. “सोडायचा होता तर त्याच्या तोंडाला भोक कशाला पाडलं?” मासे कालवणाला घरी गेले. विरंगुळा आणि भूक यांची त्याच्या मनात फारकत झालेली नाही, आणि ती व्हावी असे मलाही वाटत नाही.

पाणी आले, नावे गेली

चिलापी आमच्या नदीतला मासा नव्हे. शास्त्रज्ञ त्याला तिलापिया म्हणतात. तो मूळचा आफ्रिकेतला. भारतात १९५२ मध्ये आणला गेला. संस्थेच्या होड्यांमध्ये जे मुख्यतः चढत होते, ते कटला, रोहू आणि मृगळ. हे गंगेच्या खोऱ्यातले मासे. पूर्वी त्यांची पिल्ले नदीतूनच गोळा करावी लागत. १० जुलै १९५७ रोजी कटकला हिरालाल चौधुरी आणि त्यांचे सहकारी के. एच. अलिकुन्ही यांना माशांना अंतःस्राव टोचून प्रजनन घडवण्यात यश आले. त्यानंतर बीज केंद्रात तयार होऊ लागले, आणि बोटाएवढी पिल्ले, ज्यांना आमचे मच्छीमार बोटुकली म्हणतात, ती देशभरातल्या धरणांत सोडली जाऊ लागली. यामुळे आमच्यासारख्या भागात हजारो घरांना रोजगार मिळाला, बाजारात स्वस्त मासा आला. ही मोठी गोष्ट आहे आणि तिला नाके मुरडायचे कारण नाही.

पण धरणामुळे वाहती नदी थांबली, डोह, खडक आणि वाळू पाण्याच्या तळाशी गेली. मळ्या हा दगडाला चिकटून वाहत्या पाण्यात जगणारा मासा. साचलेल्या पाण्यात त्याचे चालत नाही. संस्थेच्या वहीत कटल्याचे, रोहूचे किलो लिहिले जातात, उरलेले सगळे ‘किरकोळ’ या एका रकान्यात. मित्राने बोटे मोजत मला नदीतल्या माशांची जी नावे सांगितली, ती त्याच्या मुलाला येत नाहीत. मुलगा संस्थेत काम करतो, होडी उत्तम चालवतो. पण त्याला लागतात ती चार नावे त्याला पुरतात.

साइक्सच्या वाट्याला आलेला खुदरी यातून थोडा वाचला, कारण त्याच्यासाठी कोणीतरी बसले. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या धरणांवर १९७०च्या दशकापासून या महसीरची पैदास केली गेली आणि त्याची पिल्ले दूरदूर पाठवली गेली. तो हौशी मासेमारांचा लाडका मासा. ज्या माशाशी झुंजण्यात कोणाला प्रतिष्ठा नाही, त्या मळ्याला, मुऱ्याला असा वाली मिळालेला नाही.

नावांची वही

सोमेश्वर, साइक्स आणि डे या तिघांना एका माळेत ओवणे अन्यायाचे वाटेल. एक रसिक राजा, एक मेहनती संग्राहक, एक काळजीने लिहिणारा अधिकारी. तिघांचे उपकार आहेतच. पण तिघेही काठावर बसू शकत होते आणि लिहू शकत होते. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला जे माहीत होते, ते त्यांच्या कागदांतून आपल्यापर्यंत आले. तो माणूस मात्र आला नाही. आणि ज्याला काठाशी यायलाच मनाई होती, त्याच्या पाण्याबद्दलच्या आठवणी कोणाच्याच कागदावर नाहीत. त्या अभंगांत शोधाव्या लागतात.

आज परिस्थिती निराळी आहे. भोयाच्या घरातला माणूस पेन्शन घेऊन काठावर बसू शकतो. ज्या पाण्याला चोखोबांचे नाव आहे, तिथे मेहुणा राजाचा कोणीही ओंजळ भरू शकतो. हे सोपे वाटते, कारण महाडचे ते दहा वर्षांचे भांडण आपण पाहिलेले नाही. बसायची सवड आणि लिहायची सोय दोन्ही आता पाण्यात उभ्या राहिलेल्यांच्या मुलांकडे आली आहे. वडिलांचे डोह बुडाले तरी डोहांची नावे सांगणारी सत्तरीतली, ऐंशीतली माणसे अजून गावोगाव आहेत. आणखी दहा-पंधरा वर्षांनी ती नसतील.

म्हणून आम्ही दोघांनी एक साधे काम हाती घेतले आहे. खडकपूर्णेच्या काठच्या गावांतून फिरायचे, जुन्या मच्छीमारांशेजारी बसायचे आणि माशांची, डोहांची, जाळ्यांची नावे उतरून घ्यायची. मित्र विचारतो, मी लिहितो. शाळेच्या रुळाच्या वहीला तीन रकाने पाडले आहेत. पहिल्यात माशाचे नाव, दुसऱ्यात तो कुठे सापडायचा. तिसरा रकाना मित्राने हट्टाने घालायला लावला. त्यात सांगणाऱ्याचे नाव आहे, त्याच्या बापाच्या नावासकट.